पहिला उन्हाळा मोजणीचा: विदर्भात विहिरींच्या कामाला येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी एका चर्चच्या समाजसेवा विभागात रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे आलेले पहिले काम केळापूर तालुक्यातील एका कोलाम पोडावरच्या विहिरीचे होते. यवतमाळ जिल्ह्यात कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात आणि ही पोडे बहुधा मूळ गावापासून दूर, टेकडीच्या उतारावर असतात. तेथील स्त्रिया नाल्याच्या पात्रात झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरत असत. देणगी देणाऱ्यांना नाताळापूर्वी पूर्ण झालेल्या विहिरीचे छायाचित्र हवे होते, म्हणून आम्ही नोव्हेंबरात खोदकाम सुरू केले. नऊ मीटरवर इतके पाणी लागले की पंप लावूनही खोदणाऱ्यांना खाली उतरता येईना. तेव्हा आम्ही आनंदाने तेथेच थांबलो आणि बांधणी करून घेतली. फादरांनी प्रार्थना केली, पोडाच्या नाईकाने आपल्या रीतीने पूजा केली आणि आम्ही परतलो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेले, तेव्हा विहिरीच्या तळाशी केवळ ओल उरली होती आणि स्त्रिया पुन्हा नाल्यात वाट्या घेऊन बसल्या होत्या.

त्या दिवशी एका आजीने मला काहीही दोष दिला नाही, फक्त आपला हंडा पुढे करून त्यातले थोडे पाणी प्यायला दिले. त्या पाण्याची आठवण मला आजही अस्वस्थ करते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते: पहिल्या उन्हाळ्यात विहीर खोदू नका, पाणी मोजा.

कारण समजून घेतले पाहिजे. पश्चिम विदर्भाचा बराचसा भाग बेसाल्ट म्हणजे काळ्या पाषाणाच्या थरांचा आहे. हा पाषाण अखंड असेल तर त्यात पाणी जवळजवळ राहतच नाही. ते राहते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मध्ये असणाऱ्या सच्छिद्र खडकात, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. पावसाळ्यानंतर वरचा मुरूम भरलेला असतो, त्यामुळे नोव्हेंबरात कोठेही खणले तरी पाणी लागते आणि त्या पाण्यामुळेच आणखी खाली जाता येत नाही. मार्चपर्यंत हे वरचे पाणी उतारावरून नाल्याकडे निघून जाते. म्हणून पिण्याच्या पाण्याची विहीर एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पातळी सर्वांत खाली असताना खोदावी आणि त्या पातळीच्याही खाली काही मीटर जावे. विदर्भातल्या मे महिन्यात हे काम किती कठीण असते, हे येथील कोणालाही सांगायला नको. आमची टोळी पहाटे पाचला उतरते आणि दहाच्या आत वर येते. तरीही दुसरा मार्ग नाही. आमची ती विहीर पुढच्या मे महिन्यात साडेतेरा मीटरपर्यंत नेली, तेव्हा मांजऱ्याचा थर लागला आणि तेव्हापासून ती आटलेली नाही.

मोजणीसाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. टोकाला वजन बांधलेली मीटरची फीत, एक वही आणि आसपासच्या दहा-बारा जुन्या विहिरी एवढे पुरते. 1972 साली स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा घेते. तुम्हीही तेच महिने पाळा, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. मे महिन्यात मात्र संध्याकाळी पाणी भरून झाल्यावर आणि पहाटे पाणी भरण्यापूर्वी अशा दोन वेळा मोजा, कारण विहिरीत किती पाणी आहे यापेक्षा रात्रीतून किती भरते हे अधिक महत्त्वाचे असते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीला सुमारे 12,560 लिटर पाणी मावते. जलजीवन मिशनचे माणशी दररोज 55 लिटरचे प्रमाण धरले, तर 300 लोकांच्या वस्तीला 16,500 लिटर लागतात. म्हणजे मे महिन्यातही त्या विहिरीत दिवसाकाठी सुमारे 1.3 मीटर पाणी नव्याने यायला हवे. हा हिशेब खोदण्यापूर्वी शेजारच्या विहिरीवर करून पाहता येतो, आणि तो जमत नसेल तर ती जागा सोडून द्यावी. पाणाड्याने, म्हणजे जमिनीखालचे पाणी सांगणाऱ्याने, नारळ घेऊन दाखवलेल्या जागेबद्दल गावात वाद घालू नका. त्या जागेजवळच्या विहिरीचे मे महिन्यातले आकडे वडीलधाऱ्यांसमोर मांडा, ते समजून घेतात.

विदर्भ एकाच दगडाचा नाही, ही गोष्ट नवीन माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीकडे ग्रॅनाइट आणि नाईस हे जुने स्फटिकी खडक आहेत. तेथे झिजलेल्या थराची जाडी पाहावी लागते आणि मामा तलाव, म्हणजे पूर्वीच्या मालगुजार जमीनदारांचे माजी मालगुजारी तलाव, कोठे आहेत हे आधी पाहावे लागते, कारण तलावाच्या पाळीखालच्या बाजूच्या विहिरी उन्हाळ्यात अधिक काळ टिकतात. अशा ठिकाणी नवीन विहिरीऐवजी तलावाचा गाळ काढणे कधीकधी अधिक उपयोगाचे ठरते. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात खोल बोअरच्या उपशाने पातळी खाली गेली आहे, त्यामुळे तेथील उथळ विहिरीवर विसंबता येत नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहीर हे उत्तरच नव्हे. तेथे खोल गेल्याने गोडे पाणी मिळत नाही, आणि पावसाचे पाणी साठवण्याची टाकी किंवा धरणावरून येणारी नळयोजना याच दिशेने विचार करावा लागतो. देणगीदाराला ‘येथे विहीर नको’ असे पत्र लिहिण्याचे धैर्य या नोकरीत असायला हवे.

दगड वाचण्याची ही परंपरा येथील मिशनला नवी नाही. 1845 साली नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप शाळा चालवता चालवता नागपूर परिसरातील खडक आणि जीवाश्म यांचा अभ्यास करीत. 1863 मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. हातपंपाची कथाही अशीच आहे. घरगुती वापराचे ओतीव लोखंडाचे पंप गावाच्या दिवसभराच्या वापराने मोडत, तेव्हा जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांत मजबूत पोलादी पंप घडवले गेले. सोलापूरच्या पंपाची साखळीने ओढण्याची रचना पुढे युनिसेफच्या साहाय्याने 1970 च्या दशकात विकसित झालेल्या इंडिया मार्क दोन पंपात आली, आणि तो पंप नंतर जगभर गेला. आपल्याकडे ज्याला सगळे बोरिंग म्हणतात, त्या हँडलमागे महाराष्ट्रातल्या दुष्काळात राबलेल्या अशा कारागिरांचे हात आहेत, याचा मला ख्रिस्ती म्हणून आणि मराठी म्हणूनही अभिमान वाटतो.

तरीही बोरिंगबाबत सावध राहा. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत खोल पाण्यात फ्लोराइड अधिक असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तरच 1.5 पर्यंत चालवून घ्यावे. हे पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला चांगले असते. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात तेव्हा ते लक्षात येते, आणि हाडे वाकू लागतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. नायट्रेटचेही तसेच आहे. त्याची मर्यादा 45 मिलिग्रॅम असून कपाशीच्या शेतातील खते आणि विहिरीजवळचे उकिरडे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. म्हणून कोणत्याही नव्या स्रोताचे पाणी प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी खुले करू नका, समारंभाची तारीख ठरलेली असली तरीही. अशा भागात जेथे दोन्ही शक्य असेल तेथे मी बोअरपेक्षा उथळ विहीर पसंत करते, कारण तिच्यात फ्लोराइड बहुधा कमी असते आणि पंप बिघडला तरी दोर-बादलीने पाणी काढता येते.

जागा केवळ दगडावरून ठरत नाही. विहीर ज्याच्या शेतात, त्याचीच ती पुढे होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. शेतमालकाने तोंडी दिलेली परवानगी त्याच्या मुलांच्या काळात टिकत नाही. म्हणून ग्रामसभेचा ठराव, नोंदणीकृत दानपत्र आणि सातबाऱ्यावरची नोंद झाल्याशिवाय एकही टिकाव मारू देऊ नका. विहीर कोणाच्या वाटेवर आहे, तिथपर्यंत कोणाला निःसंकोच जाता येईल आणि कोणाला अडवले जाईल, हे प्रश्न पुरुषांच्या बैठकीत उघड बोलले जात नाहीत. ते पहाटे पाणवठ्यावर स्त्रियांबरोबर बसून विचारावे लागतात. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्यायल्यानंतरही खेड्यापाड्यांत हा प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही. आमच्या संस्थेत नियम आहे की विहिरीची जागा वस्तीतल्या सर्वांत दुबळ्या घराच्या बाजूला असावी, म्हणजे इतरांना तेथे यावे लागते. माझ्या मते संस्थेने केलेल्या नियमांपैकी हा सर्वांत मोलाचा आहे.

चर्चची संस्था म्हटल्यावर ग्रामसभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो: हे पाणी देऊन तुम्ही आम्हाला ख्रिस्ती करणार का? या प्रश्नाने दुखावले जाऊ नका. विचारणाऱ्याचा तो अधिकार आहे. पाण्याला कोणतीही अट नाही, विहीर ग्रामपंचायतीच्या नावावर राहील आणि तिचा हिशेब कोणीही पाहू शकेल, हे पहिल्याच सभेत लेखी द्या आणि शेवटपर्यंत तसेच वागा. माझा विश्वास मला या कामाकडे घेऊन आला. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाक आपल्या बापाच्या, शत्रूंनी मातीने बुजवलेल्या विहिरी पुन्हा उकरतो, तो भाग मी लहानपणी आजोबांकडून ऐकला होता. आज जुन्या विहिरींचा गाळ काढण्याचा आराखडा लिहिताना मला तो आठवतो. पण तो गावाला सांगण्याची गरज मला कधी वाटली नाही.

जुन्या विहिरीत उतरण्याविषयी मात्र कठोर राहा. वापरात नसलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो किंवा घातक वायू साचलेला असू शकतो. पहिला माणूस खाली कोसळतो आणि त्याला वाचवायला एकामागून एक उतरणारेही दगावतात, अशा घटना विदर्भात घडल्या आहेत. पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूची कमतरता दाखवते, परंतु प्रत्येक विषारी वायू दाखवत नाही. म्हणून वायुमापक वापरा, आधी हवा खेळवा, उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि दोर असू द्या, आणि वर ओढून घेणारी माणसे जागेवर असल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका.

बांधणी झाल्यावर उंच कठडा, सिमेंटचा ओटा आणि सांडपाण्याला दूर नेणारी नाली हवीच. शौचालयाचा खड्डा किमान 15 मीटर दूर असावा. शुद्धीकरणासाठी गावोगावी जी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरतात, तिचे प्रमाण चांगल्या पावडरीच्या बाबतीत 1,000 लिटरला सुमारे 2.5 ग्रॅम असते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर जवळपास 94 ग्रॅम पावडर लागते, मूठभर अंदाजाने नव्हे. हे गणित गावातल्या जलसुरक्षकाला आणि पाणीपुरवठा समितीतल्या दोन स्त्रियांना तरी स्वतः करता आले पाहिजे. पावडर उघडी राहिली की तिची ताकद जाते, म्हणून डब्याचे झाकण तपासणे हे तुमच्या भेटीतले पहिले काम असू द्या.

शिक्षणाविषयी विचाराल तर समाजकार्य, भूशास्त्र किंवा स्थापत्य पदविका यांपैकी काहीही चालते, परंतु ज्याच्याकडे जे नाही ते त्याने शिकून घ्यावे. समाजकार्य शिकलेल्याने मुरूम आणि मांजऱ्या ओळखावा, अभियंत्याने सभेत गप्प बसून ऐकायला शिकावे. कोलामी, गोंडी किंवा कोरकूची शंभर वाक्ये आली तरी फार मोठा फरक पडतो. नेमणूक बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते आणि पगार माफक असतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 मध्ये बदल झाल्यापासून प्रशासकीय खर्चावर 20 टक्क्यांची मर्यादा आहे आणि अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे मोजणीच्या वर्षाचा खर्च प्रकल्पाचेच काम म्हणून आराखड्यात सुरुवातीलाच लिहा, नंतर तो कोठेही बसवता येत नाही.

काम मागायला जायचे असेल तर फेब्रुवारीत जा, म्हणजे मार्चची मोजणी तुमच्या हाती लागेल आणि मे महिना तुम्ही गावातच काढाल. बरोबर फीत, वही, पांढरा दुपट्टा आणि पाण्याची स्वतःची बाटली ठेवा. ती बाटली मात्र पोडावरच्या माणसांकडून भरून घेऊ नका, स्वतः रांगेत उभे राहून भरा.