चालत्या गाडीवरून फायबर केबल सोडायची तर

संक्रांतीला पतंग कितीही भारी असूदे, मागे आसारी धरणारा कच्चा असला की मांजाचा गुंता ठरलेला. खांबावरची फायबर केबल गाडीवरून टाकताना पण डिट्टो हेच, गाडीने केबल ओढायची नसते, ड्रमवरच्या (केबल गुंडाळलेल्या मोठ्या रिळावरच्या) माणसाने ती सोडायची असते, आणि स्पीड पण तोच ठरवणार, ड्रायव्हर नाही.

ड्रम आला की लगेच गाडीवर चढवू नका, आधी ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून कुठे किती कमी होतो ते दाखवणारं मशीन) लावून बघा. १३१० आणि १५५० (प्रकाशाची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये) दोन्हीवर बघा, कारण केबल कुठे वाकली दबली असेल तर तो लॉस (प्रकाशाची घट) १५५० वर आधी दिसतो. आधीचा ट्रेस (ओटीडीआरने काढलेला आलेख) सेव्ह केलेला नसेल तर नंतर खराबी निघाल्यावर ती ड्रममधली की आपल्या हातची हे भांडत बसावं लागतं.

मग ड्रमच्या मधून लोखंडी पाईप घालून तो जॅकवर उभा ठेवायचा, हाताने ढकलला तर सहज फिरला पाहिजे, आणि केबल ड्रमच्या वरच्या बाजूने गाडीच्या मागे पडली पाहिजे. जॅक ट्रॉलीला पक्के बांधा. ड्रम आडवा टाकून वरून वेटोळी काढत जायचा मोह होतो, प्लीज करू नका. असं काढलं की प्रत्येक वेढ्याला एक पूर्ण पीळ केबलमध्ये जातो, वेढा सरासरी २ मीटरचा धरा, म्हणजे २ किमीच्या ड्रममध्ये १००० पीळ!! ते कुठेतरी आढी (केबल दुमडून पडलेली घट्ट गाठ) बनून बाहेर येणारच.

गाडी माणूस चालतो त्या स्पीडने. एक जण ड्रमपाशी, हातात लाकडी फळी, ड्रमच्या कडेला हलकी दाबून ब्रेक मारायला. हा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. गाडी थांबते पण भरलेला ड्रम वजनामुळे फिरतच राहतो, केबल सैल पडते, आणि गाडी परत निघाली की त्या सैल वेढ्याची गाठ आवळते. आमच्या एका कामात स्पीडब्रेकरवर असंच झालं, आढी हाताने सरळ केली, वरून काहीच दिसत नव्हतं म्हणून पुढे गेलो, संध्याकाळी १५५० वर ट्रेसमध्ये बरोबर तिथेच पायरी, म्हणजे लॉस दिसला. केबल कापून जॉइंट मारावा लागला. तेव्हापासून शिट्टी ड्रमवाल्याकडे, एक शिट्टी म्हणजे थांब, ड्रायव्हरने का म्हणून विचारायचं नाही. आणि ड्रम रिकामा होत आला की वेढा लहान होतो, त्यामुळे गाडी त्याच स्पीडला असली तरी ड्रम जास्त जोरात फिरतो, तिथे गाडी अजून हळू घ्या.

वाकवण्याचा हिशोब सोपा आहे, ताण असताना त्रिज्या केबलच्या जाडीच्या २० पट, नुसती ठेवलेली असेल तर १० पट. १० मिमीची केबल म्हणजे २० सेमी आणि १० सेमी.

मध्ये ओढा किंवा गल्ली आली, गाडी पुढे जात नाही, तर उरलेली केबल जमिनीवर इंग्रजी आठच्या आकारात टाका (आपला मराठी ८ नाही, दोन गोल एकमेकांना चिकटलेले तो), एका गोलात पडलेला पीळ दुसऱ्या गोलात उलटा पडून सुटतो. सगळी टाकून झाली की मोकळं टोक आपोआप वरच येतं, तिथूनच पुढे ओढायची.

वर वीजतारा असतील तर शटडाऊन मिळाल्याशिवाय केबल वर चढवायची नाही, केबलमध्ये लोखंड नाही म्हणून चालतं असं कुणी म्हटलं तरी नाही.

जॉइंटच्या जागी दोन्ही बाजूंना १०-१५ मीटर जादा केबलचा लूप सोडा, केबलवरचे मीटरचे आकडे तिथेच वहीत लिहून घ्या, आणि खांबावर केबल धरणारे क्लॅम्प आवळायच्या आधी परत एकदा ओटीडीआर लावून सकाळच्या ट्रेसशी जुळवा.