दिसत नसेल तर आपलं मत आपणच गुप्तपणे कसं द्यायचं

अंध मतदार मतदान केंद्रावर एकटा गेला की पहिला प्रश्न येतो, "सोबत कोण आहे?" सोबत कुणी असायलाच हवं असं काही नाही. पण आत मोबाइल नेता येत नाही, म्हणजे टॉकबॅक (फोनचा पडदा वाचून दाखवणारी सोय) नाही की काही नाही, म्हणून फोनची सगळी कामं घरीच उरकायची.

सगळ्यात आधी निवडणूक आयोगाचं सक्षम ॲप टाका. मतदार ओळखपत्राचा नंबर टाकून दिव्यांग म्हणून नोंद करा, ने-आण हवी असेल तर तीही मागता येते. ॲप जमत नसेल तर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन लावा. केंद्र कुठे आहे ते दर निवडणुकीला नव्याने बघाच, कारण मुंबईत गेल्या वेळी शाळेत असलेलं केंद्र यंदा एखाद्या सोसायटीत गेलेलं असतं, आणि यादीतला भाग क्रमांक अन् अनुक्रमांक पाठच करून ठेवा.

मग उमेदवार. त्यांची प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या साइटवर असतात पण बरीचशी स्कॅन केलेली, काही तर हाताने लिहिलेली, तिथे पडदा वाचणारा स्क्रीन रीडर गप्पच बसतो. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या) ॲपमधून काढून बघा, नाहीतर घरच्या कुणाकडून वाचून घ्या. गुन्हे आणि मालमत्ता एवढं तरी ऐकाच, आपल्याला हे वाचता येऊ नये हे मला अजिबात पटत नाही.

आपल्या उमेदवाराचा मशीनवरचा क्रमांक लक्षात ठेवा, सगळ्यात महत्त्वाचं तेच.

केंद्रावर गेल्यावर केंद्राध्यक्षांकडे ब्रेल डमी मतपत्रिका (उमेदवारांची ब्रेलमधली नमुना यादी) मागा, स्पष्ट आवाजात, आणि "नाही" म्हणाले तरी परत मागा. ती निवांत वाचायची, क्रमांक पडताळायचा आणि मग आत जायचं. मशीनवर बटणांच्या शेजारी उजवीकडे ब्रेल आकडे असतात, वरून खाली बोट फिरवत आपल्या आकड्यावर यायचं आणि बटण दाबायचं, लांब बीप आली की मत पडलं. एका मशीनवर नोटा धरून १६च नावं मावतात, उमेदवार जास्त असले तर शेजारी दुसरं मशीन असतं, तेव्हा किती मशीन आहेत ते आधीच विचारून घ्या. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मात्र सात सेकंद फक्त दिसते, ऐकू येत नाही, तिथे आपली पडताळणी अजून अडकलेलीच आहे.

ब्रेल येत नसेल तर निवडणूक नियमांतल्या नियम ४९एन प्रमाणे १८ वर्षं पूर्ण झालेला सोबती आत नेता येतो. तो तुम्ही निवडायचा, केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने मध्ये पडायचं नाही. त्या दिवशी तो दुसऱ्या कुणाचाही सोबती होऊ शकत नाही आणि मत गुप्त ठेवीन असं त्याला लिहून द्यावं लागतं. पण उशिरा दृष्टी गेलेल्यांनी निदान ब्रेल आकडे तरी शिकून घ्यावेत, शून्य ते नऊ, दहाच आकडे आहेत, आणि मशीनवर तेवढेच लागतात.