गावात हॉस्पिस काढताय? निदान या चुका टाळा

हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाराच्या पेशंटला शेवटच्या दिवसांत वेदना कमी करत सांभाळणारी जागा, काढायचंय म्हणून जे लोक भेटायला येतात ना, त्यातल्या बहुतेकांच्या हातात पहिल्याच भेटीत बिल्डिंगचा प्लॅन असतो. गार्डन कुठे, छोटं देऊळ कुठे, देणगीदारांच्या नावाची पाटी कुठे, सगळं ठरलेलं. मी विचारते रात्रपाळीला सिस्टर कोण, मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, कुठून आणणार, तर उत्तर येतं, "ते बघू नंतर ताई, आधी वास्तू तर उभी राहू दे." हे 'नंतर बघू' ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण ते सगळं शेवटी खाटेवरच्या माणसाला भोगावं लागतं.

मॉर्फिनचं कागदपत्र शेवटाला ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी हिच्याबद्दल. एका तालुक्याच्या गावी एका ट्रस्टने फार सुंदर जागा बांधली, संगमरवरी फरशी, एसी खोल्या, उद्घाटनाला मोठी मंडळी. पहिल्या काही पेशंटमध्ये जिभेच्या कॅन्सरचे एक आजोबा होते. मुंबईच्या हॉस्पिटलातून मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन आले होते, त्या संपल्या. तेव्हा कळलं की या संस्थेने परवानगीसाठी अर्जच केलेला नाही, अगदी वरातीमागून घोडं. रात्रभर ट्रॅमाडॉलवर, म्हणजे मॉर्फिनपेक्षा सौम्य औषधावर ठेवलं, त्याने काय होणार? आजोबा उशी दातात धरून बसले होते, आडवं होता येत नव्हतं, आणि त्यांची सून दर दहा मिनिटांनी सिस्टरकडे येऊन "काहीतरी द्या हो" म्हणत होती. पहाटे अँब्युलन्स करून परत मुंबईला न्यावं लागलं. ज्या प्रवासातून त्यांना सोडवायचं म्हणून हॉस्पिस काढलं तोच प्रवास त्यांच्या नशिबी आला.

बरं, परवानगी मिळणं आता पूर्वीइतकं अवघडही नाहीये. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे दवाखाने मॉर्फिनला हात लावायला घाबरायचे, वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागायचे. 2014 च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं वेगळी काढली आणि संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता लागते. महाराष्ट्रात म्हणजे एफडीएकडे, अन्न व औषध प्रशासनाकडे जायचं. त्यासाठी वेदनाशमनाचं ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर हवा, कुलूपबंद कपाट हवं आणि गोळीगणिक हिशोबाचं रजिस्टर हवं. माझा नियम सरळ आहे, मान्यतेचा कागद हातात आल्याशिवाय उद्घाटनाची तारीख धरायची नाही. पुढारी किती का मोठा असेना.

आणि गोळ्या आल्या म्हणजे झालं असंही नाही. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ बघून द्यायची असते, पेशंट ओरडला की मग असं नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, नाहीतर दुखणं थांबतं आणि बद्धकोष्ठतेने माणूस हैराण होतो, मग नातेवाईक म्हणतात मॉर्फिन बंद करा. सवय लागेल ही भीती घरच्यांना असते, ती बसून समजावायला लागते, एकदा नाही, येईल त्या प्रत्येक मामा-मावशीला परत.

घरी न जाता थेट खाटा टाकणं

भारतातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, 1986 साली सुरू झालं. ते बघून लोकांना वाटतं हॉस्पिस म्हणजे तशी वास्तूच. जरूर बघून या, पण केरळही बघा. तिथे गावोगावी शिकवलेले व्हॉलंटियर आणि नर्स घरी जातात, आणि बहुतेक पेशंटचं सगळं तिथेच निभावतं. आपल्याकडेही माणसाला आपल्याच घरात, आपल्या माणसांत डोळे मिटायचे असतात. खाट लागते ती घरी वेदना आवरत नाहीत तेव्हा, किंवा करणारी बाई थकून गेलेली असते तेव्हा. म्हणून मी सांगते निदान वर्षभर एक गाडी, एक सिस्टर आणि एक डॉक्टर घेऊन घरोघर फिरा, मग तुम्हालाच कळेल की वीस नाही, सहा खाटा पुरतात. घाई झालेल्या लोकांना हे अजिबात आवडत नाही. वर्ष फुकट गेलं म्हणतात. त्या वर्षातच आशाताई, गावातले डॉक्टर, मेडिकलवाला सगळे ओळखीचे होतात, नंतर पेशंट हेच लोक पाठवतात, पाटी वाचून कोणी येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

शेजाऱ्यांना न विचारता जागा घेणं. गेटवर शववाहिनी दिसली की पहिला विरोध तिथूनच होतो, त्यामुळे जागा घेण्याआधीच घरोघर जाऊन बोला, आणि गाडीसाठी मागचं गेट ठेवा.

देणगी फक्त बांधकामाला घेणं. भिंतीसाठी पैसे सगळे देतात, सिस्टरच्या पगाराला कोणी देत नाही. मी देणगीदाराला तोंडावर सांगते, नाव लावू, पण आधी तीन वर्षांचे पगार बँकेत ठेवा.

वृद्धाश्रम समजून ज्यांना कोणी नाही त्यांना भरती करणं. ते कामही मोठं आहे, पण वेगळं आहे.

जखमेच्या वासाकडे दुर्लक्ष. तोंडाच्या कॅन्सरच्या जखमेला वास येतो, नातवंडं जवळ येईनाशी होतात, पेशंटला ते कळतं आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची गोळी बारीक कुटून स्वच्छ धुतलेल्या जखमेवर टाकली की थोड्या दिवसांत फरक पडतो. स्वस्तातली गोळी आहे हो, पण नव्या स्टाफला कोणी शिकवतच नाही, ते रूम फ्रेशनर मारत बसतात.

नातेवाईकांसाठी स्वयंपाकाची सोय नसणं. एक गॅस, दोन पातेली एवढं तरी ठेवा, आईच्या हातची दोन चमचे पेज कँटीनला जमत नाही.

रात्री डॉक्टर नसणं. मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरच भरतो, आणि पहाटे तीनला कोणी गेलं तर सकाळी दहापर्यंत घरच्यांना तिथेच ताटकळत बसवायचं का? फोन केल्यावर येणारा एक डॉक्टर जवळपास राहणाराच बघा, आणि फॉर्म आधीपासून सिस्टरच्या टेबलात ठेवा.