भाताचा वाढदर काढताय? या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की पुण्यात कृषी अर्थशास्त्राच्या प्रबंधांची घाई सुरू होते आणि माझ्याकडे एक्सेलच्या फाइली येऊ लागतात. "सर, भंडाऱ्याच्या भात उत्पादनाची अस्थिरता (वर्षावर्षाचे चढउतार) फारच येतेय. पाऊस लहरी म्हणून असेल ना?" पाऊस लहरी आहेच, पण त्याच्या नावावर बिल फाडण्याआधी आपली शीट एकदा तपासावी.

भंडाऱ्याचंच घ्या. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, त्यामुळे आकडे खाली आले. शेतात काहीच घडलं नव्हतं. चंद्रपूर-गडचिरोली (१९८२) आणि ठाणे-पालघर (२०१४) इथेही हाच घोळ होतो. उपाय साधा आहे: विभाजनानंतरच्या वर्षांत दोन्ही जिल्ह्यांची बेरीज करून वर्षवार आकड्यांची मालिका जुन्या हद्दीवर आणायची.

दुसरी चूक पहिल्या आणि शेवटच्या वर्षाची. देशाचं तांदूळ उत्पादन २००१-०२ मध्ये सुमारे ९३३ लाख टन होतं. २००२-०३ च्या दुष्काळात ते ७१८ लाखांवर आलं आणि पुढच्या वर्षी ८८५ लाखांपर्यंत सावरलं. आता मालिका दुष्काळी वर्षाला संपवा, शेती बुडाली असं दिसेल. त्याच वर्षापासून सुरू करा, क्रांती झाली असं वाटेल. म्हणून दोन टोकांची वजाबाकी नको. सगळ्या वर्षांवर कलरेषा, म्हणजे आकड्यांचा एकूण कल दाखवणारी सरळ रेषा, बसवा, नाहीतर निदान दोन्ही टोकांना तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या.

कलरेषेतही एक खड्डा आहे. वाढदरासाठी ती आकड्यांच्या लॉगवर बसवतात. एक्सेलमधलं 'लॉग' सूत्र आपणहून १० चा पाया धरतं, नैसर्गिक लॉगसाठी 'एलएन' लागतं. लॉग वापरून सहगुणक (रेषेचा दरवर्षीचा चढ) ०.०१३ आला आणि तुम्ही १.३ टक्के वाढ लिहून मोकळे झालात, तर खरा दर ३.०४ टक्के आहे. प्रतिलॉग (लॉगची उलट क्रिया, इथे १० चा ०.०१३ वा घात) त्याच पायाने घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा.

सर्वात जास्त घसरगुंडी होते ती सीव्हीवर, म्हणजे विचलन गुणांकावर. उत्पादन दरवर्षी न चुकता वाढत गेलं, एकदाही घसरलं नाही, तरी सीव्ही मोठाच येणार, कारण तो सरासरीपासूनचं अंतर मोजतो आणि वाढ म्हणजेही अंतरच. म्हणून कडी-डेला व्हाले निर्देशांक वापरतात: सीव्ही गुणिले (१ वजा आर-स्क्वेअर) चं वर्गमूळ. आर-स्क्वेअर म्हणजे एकूण चढउतारातला कलरेषेने उलगडणारा वाटा. सीव्ही २० आणि आर-स्क्वेअर ०.६४ असेल तर २० × ०.६ = १२. ज्याला तुम्ही अस्थिरता म्हणत होता त्यातले ८ अंक नुसत्या वाढीचे होते! कल सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नसेल तर मात्र साधा सीव्हीच ठेवा.

भात आणि तांदूळ यांत तर मीच आपटलोय. एका मालिकेत सुरुवातीची वर्षं तांदळाची, पुढची भाताची. मधेच उत्पादकता दीडपट झाली आणि मी कौतुकाने श्रेय दिलं इंद्रायणी वाणाला. मावळातल्या मामांनी तक्ता पाहिला नि म्हणाले, "अरे, क्विंटलभर भात भरडून आणल्यावर पासष्ट-सदुसष्ट किलोच तांदूळ हाती लागतो. तुझं हे गिरणीत मोजलंय की खळ्यावर?"

पुणे जिल्ह्याचा अभ्यास करत असाल तर शिवाजीनगरचा पाऊस भाताशी जोडू नका. तिथे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, लोणावळ्यात ४००० च्या पुढे. भात पिकतो मावळ, मुळशी, भोर, वेल्ह्यात. इंदापूर-बारामतीचा पाऊस धरून काढलेली जिल्हा सरासरी त्याबद्दल काहीच सांगत नाही. तालुक्याचाच पाऊस घ्या.

शेवटी एक पडताळा. क्षेत्र, उत्पादकता आणि उत्पादन या तिन्हींच्या लॉग कलरेषा वेगवेगळ्या काढा. पहिल्या दोघींच्या सहगुणकांची बेरीज तिसरीच्या सहगुणकाइतकी यायला हवी. दशांशातला किरकोळ फरक चालेल. त्याहून जास्त आला तर शीट वरपासून वाचत या. कुठल्यातरी वर्षात एखादं शून्य जास्त पडलेलं असतं.