इंग्रजीची प्रॅक्टिस रोज करताय तरी बोलताना अडखळताय? मग या चुका टाळा

वर्षभर ग्रामरची पुस्तकं सोडवली, हजारभर शब्द वहीत उतरवले, ॲपवर एक दिवस खाडा केला नाही, आणि तरी समोरच्याने इंग्रजीत साधा प्रश्न विचारला की डोकं एकदम कोरं होतं. असं ज्यांचं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मेहनत कमी पडतेय असं मला बिलकुल वाटत नाही, उलट बहुतेक जण गरजेपेक्षा जास्तच तास घालवतात. पण ते तास सगळे ओळखण्यात जातात, आठवण्यात जात नाहीत. चार पर्याय समोर असले की बरोबरचा पर्याय ओळखता येतो, वहीतलं पान उघडलं की "हां, हा शब्द येतो मला" असं वाटतं, आणि बोलायची वेळ आली की समोर ना पर्याय असतात ना वही.

धड्याचं नाव वाचून उत्तरं लिहिणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि कोणाच्या लक्षातच येत नाही. समजा धडा आहे प्रेझेंट परफेक्टचा आणि खाली वीस रिकाम्या जागा आहेत. वीसही ठिकाणी हॅव नाहीतर हॅज टाकायचं, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप लिहायचं, झालं, वीसपैकी वीस. बरं वाटतं. पण त्या वीस वाक्यांत तुम्ही एकदाही हे ठरवलं नाही की इथे प्रेझेंट परफेक्टच का, साधा पास्ट का नाही. ते धड्याच्या मथळ्यानेच ठरवून टाकलं होतं. बोलताना अवघड असतं ते नेमकं हे ठरवणं, रूप लिहिणं त्यामानाने सोपं आहे.

म्हणून एक धडा संपवून लगेच पुढच्या धड्यावर जाऊ नका. तीनचार धड्यांतली वाक्यं एकत्र करा, चिठ्ठ्या करून मिसळल्या तरी चालेल, आणि प्रत्येक उत्तराशेजारी मराठीत चार शब्दांत कारण लिहा की हाच काळ का घेतला. मार्क लगेच कमी होतील. होऊ द्या, कारण आता कुठे खरी प्रॅक्टिस सुरू झालीय.

काळाच्या बाबतीत आपली मराठी कुठे दगा देते हे जरा जवळून बघू, कारण पुस्तकात हे सहसा नसतं. आपण सहज म्हणतो "मी कालच आलोय". मराठीत यात काहीच वावगं नाही. पण इंग्रजीत "यस्टरडे" आलं की "हॅव" चालत नाही, वेळ संपलेली आणि सांगितलेली असली की सरळ पास्ट: "आय केम यस्टरडे". आपण "आय हॅव कम यस्टरडे" म्हणतो ते काही उगाच नाही, "आलोय" मधला तो "य" आपल्या कानात असतो. दुसरं वाक्य घ्या, "मी दोन वर्षांपासून इथे राहतो". मराठीत साधा वर्तमानकाळ, त्यामुळे तोंडात येतं "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स". यात दोन चुका एकदम होतात. आधी सुरू झालेली गोष्ट अजून चालू असेल तर इंग्रजीला परफेक्ट लागतो, आणि "पासून" या आपल्या एका शब्दाचे तिकडे दोन तुकडे होतात, किती काळ ते सांगायचं तर "फॉर" आणि नेमकं कधीपासून ते सांगायचं तर "सिन्स". म्हणजे "आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स", किंवा "सिन्स २०२२". तसंच "मला समजत नाहीये" वरून "आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग" येतं, पण अंडरस्टँड, नो, बिलीव्ह, बिलाँग अशी जी मनाची किंवा मालकीची स्थिती सांगणारी क्रियापदं आहेत ती सहसा आयएनजीत जात नाहीत.

"ला" दिसला की "टू" चिकटवणं

त्याला सांगितलं, त्याला विचारलं, त्याला भेटलो, स्टेशनला पोचलो. चारही ठिकाणी आपल्याकडे "ला" आहे, म्हणून आपण "टोल्ड टू हिम", "आस्क्ड टू हिम", "मेट टू हिम", "रीच्ड टू द स्टेशन" म्हणतो आणि चारही चुकीचं, कुठेच "टू" नको. गंमत म्हणजे "एक्सप्लेन" ला मात्र "टू" लागतो आणि तिथे आपण तो गाळतो. "एक्सप्लेन मी" नाही, "एक्सप्लेन इट टू मी". "च्याबद्दल चर्चा" म्हणून "डिस्कस अबाउट" होतं, खरं तर नुसतं "डिस्कस" पुरतं. "च्याशी लग्न" म्हणून "मॅरीड विथ" होतं, तिथे हवं असतं "मॅरीड टू".

याला नियम शोधत बसू नका, सगळ्याला लागू पडेल असा नियम नाहीये. क्रियापद पाठ करतानाच त्याच्या सोबत्यासकट पाठ करायचं. वहीत "डिस्कस म्हणजे चर्चा करणे" एवढंच लिहिलं तर चूक तिथेच पेरली गेली. "डिस्कस द प्लॅन विथ समवन" असं लिहा.

आणि यासाठी डिक्शनरी योग्य हवी. इंग्रजी-मराठी कोश अर्थ कळण्यापुरता ठीक आहे, पण शब्द वापरायचा कसा हे लर्नर्स डिक्शनरीत मिळतं. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर अशी डिक्शनरी केली ती १९४२ मध्ये तिथेच निघाली, १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढली. मूळ विचारच हा होता की ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही त्याला अर्थाबरोबर वाक्याचा साचाही हवा. अशा डिक्शनरीत नामापुढे काउंटेबल (मोजता येणारं) की अनकाउंटेबल (न मोजता येणारं, ज्याचं अनेकवचन होत नाही) ते दिलेलं असतं. ती खूण वाचायची सवय लागली की "इन्फर्मेशन्स", "ॲडव्हायसेस", "फर्निचर्स" हे आपोआप थांबतं. आपण अर्थ वाचून पान बंद करतो आणि उदाहरणाची वाक्यं सोडून देतो, खरा माल तिथेच असतो हो.

जोडीने येणाऱ्या शब्दांचंही तेच. विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात, ही आपली मराठी. ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत बरोबर उलटं, विद्यार्थी "टेक" करतो आणि शिक्षक "गिव्ह" करतात. आपल्याकडे "गिव्ह द एक्झाम" सर्रास चालतं त्यामुळे आपसात अडत नाही, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना तुम्ही परीक्षा घेतली असा अर्थ होऊ शकतो. स्वप्न आपल्याला पडतं किंवा आपण बघतो, इंग्रजीत ते "हॅव" करतात. चूक आपण करतो म्हणून "डू अ मिस्टेक" म्हणतो, ते "मेक" हवं.

अवघड शब्दांच्या मागे धावणं

रोज दहा भारी शब्द पाठ करायचे हा उत्साह मला समजतो, मीही ते मनापासून केलंय. माझी एक जाडजूड वही होती, लाल शाईने शब्द, निळ्या शाईने अर्थ. ती मी दर रविवारी पहिल्या पानापासून वाचायचो आणि सगळं येतंय असं वाटायचं. मग एका मुलाखतीत मला "उधार घेतलं" आणि "उधार दिलं" यात अडकायला झालं. "बॉरो" आणि "लेंड" दोन्ही शब्द मला माहीत होते, अगदी पहिल्या दहा पानांत होते, पण त्या क्षणाला कुठला कुठे ते काही केल्या येईना. घरी येऊन वही उघडली तर लगेच आठवलं. तेव्हा कळलं की वही वाचणं हीच चूक होती.

आधी कुठले शब्द हे बघू. मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये शिकणाऱ्यांसाठी साधारण २००० शब्दांची यादी केली होती, रोजच्या इंग्रजीतले बहुतेक शब्द तेवढ्यात येतात. गेट, टेक, पुट, कीप, मेक, टर्न असले छोटे शब्द आपण "येतात" म्हणून सोडून देतो आणि एकेका शब्दाचे पाचसहा उपयोग आपल्याला माहीतच नसतात. आता "पुट ऑफ", "टर्न डाउन", "कीप अप" ही तीन वाक्यात वापरून बघा, थांबावं लागलं तर पुढचे काही महिने तुमचा अभ्यास हाच. सेसक्विपेडेलियन (म्हणजे लांबलचक शब्दांचा) असले भारी शब्द नंतर शिका, नाही शिकलात तरी चालेल.

आता लक्षात राहण्याचं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती विसरतो ते मोजायचं, आणि १८८५ मध्ये ते छापलं. विसरणं सगळ्यात जोरात होतं ते पहिल्या तासाभरात, मग वेग मंदावतो. म्हणून एकाच दिवशी एक शब्द पंचवीस वेळा लिहिण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी, दहा दिवसांनी असा भेटलेला शब्द टिकतो. आणि भेटायचा म्हणजे वाचायचा नाही, आठवायचा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी परत परत वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. माझ्या रविवारच्या वाचनाचं काय होत होतं ते यात अगदी स्पष्ट दिसतं, वाचल्या वाचल्या सगळं येतंय असं वाटायचं आणि ते वाटणंच फसवं होतं.

पद्धत एकदम सोपी आहे. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. नुसता शब्द नको, वाक्य हवं, "त्याने माझ्याकडून पेन उधार घेतलं". मराठी बघून इंग्रजी मोठ्याने म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं. सेबास्टियन लाइटनर यांची १९७० च्या दशकातली डब्यांची युक्ती वापरा, बरोबर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्या डब्यात, पहिला डबा रोज आणि पुढचे डबे जास्त जास्त दिवसांनी. फोनवरची फ्लॅशकार्डची ॲप साधारण हेच करतात. पण तिथेही उत्तर आठवायच्या आधीच बोट स्क्रीनवर जातं, ते तेवढं आवरा.

उच्चाराबद्दल एकच, शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहून ठेवू नका, डिक्शनरीतला आवाज ऐका. देवनागरीत जोर कुठे द्यायचा ते दिसत नाही. "रेकॉर्ड" नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्या, लिहायला दोन्ही सारखंच.

नुसतं ऐकत राहणं

सिरीज बघा, पॉडकास्ट ऐका, भाषा आपोआप येईल, हे बरेच जण सांगतात. ऐकणं हवंच, त्याशिवाय काही नाही. पण कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं शाळेत बरेच विषय फ्रेंचमधून शिकत होती, वर्षानुवर्षं, आणि मेरिल स्वेन या भाषा-अभ्यासकांनी १९८५ मध्ये दाखवलं की त्यांना समजायचं छान पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरण कच्चं राहिलं होतं. स्वेन यांचं म्हणणं असं की स्वतः वाक्य रचायला लागलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं, ऐकताना अंदाजाने निभावून जातं.

म्हणून जे ऐकाल त्यावर दोन मिनिटं बोला, फोनवर रेकॉर्ड करा. मग ते ऐकून लिहून काढा, जसं बोललात तसं, मध्येच सुधारू नका. कंटाळवाणं काम आहे खरं पण याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला तरी सापडलं नाही. कागदावर तुमच्या स्वतःच्या चुका येतात, पुस्तकातल्या नाही. सगळ्या एकदम सुधारायला जाऊ नका, त्यातल्या वारंवार येणाऱ्या दोनच निवडा आणि पंधरा दिवस फक्त त्यांच्याच मागे लागा.

यात अशाही चुका सापडतात ज्या रिकाम्या जागांत कधी पकडल्याच जात नाहीत. "तो म्हणाला की मी उद्या येतो" याचं आपण "ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो" करतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही येणार आहात. तिथे "ही सेड ही वुड कम" हवं. किंवा कोणी विचारलं "तू मेल पाठवला नाहीस ना?" तर आपण म्हणतो "हो, नाही पाठवला". आपण प्रश्नाशी सहमत झालो. इंग्रजीत "यस" म्हटलं की पाठवला असा अर्थ लागतो, न पाठवल्याला "नो, आय डिडन्ट". नुसतं "यस" म्हणून थांबलात तर समोरचा मेल शोधत बसेल.

एक शंका नेहमी येते, चूक कळते तरी तोंडातून परत तीच येते, मग उपयोग काय. घाबरू नका, ती अशीच टप्प्याटप्प्याने जाते. आधी रेकॉर्डिंग ऐकताना कळते. मग काही दिवसांनी बोलून झाल्या झाल्या कळते आणि "अरे" म्हणून आपण वाक्य पुन्हा नीट म्हणतो. मग "टोल्ड" म्हटल्यावर "टू" जिभेवर येतो आणि तिथेच थांबतो, वाक्य किंचित अडखळतं. ऐकणाऱ्याला तो अडखळा वाटतो, पण तुम्ही तारीख लिहून ठेवा त्या दिवसाची.