वीर्यतपासणीचं सॅम्पल: द्यायचं कसं आणि पस सेल दिसल्यावर काय करायचं

मी नाशिकच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सॅम्पलची डबी हातात घेताना मी प्रत्येकाला विचारते, "दादा, पहिले थेंब डबीत आले ना?" संकोचापोटी हो म्हणू नका. बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात, तेही प्रोस्टेट ग्रंथीच्या द्रवात, आणि तिथे ते चांगले तग धरतात. वीर्याचा निम्म्याहून जास्त भाग मागून येतो, तो सेमिनल व्हेसिकल या दुसऱ्या ग्रंथींचा. सुरुवातीचं सांडलं तर रिपोर्ट उगाच वाईट येतो. सांडलं तर सांगा, पुन्हा बोलावू.

आधी 2 ते 7 दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. लघवी करून या, हात साबणाने धुऊन कोरडे करा. तेल, थुंकी, साधा कंडोम काहीही वापरू नका. शुक्राणूंना त्याने इजा होऊ शकते. दिंडोरी-निफाडहून येणाऱ्यांनी लॅबच्या खोलीतच सॅम्पल द्यावं. घरून आणायचंच असेल तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचवा, डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून. निफाडच्या डिसेंबरात गाडीच्या डिकीत ठेवलेलं सॅम्पल गारठतं आणि जिवंत शुक्राणूही हलेनासे होतात.

वीर्य आधी घट्ट असतं, तासाभरात पातळ व्हायला हवं. मी पिपेटने उचलून सोडते. थेंब पडले तर ठीक. 2 सेंटिमीटरहून लांब तार लोंबली तर चिकटपणा जास्त, तसं रिपोर्टमध्ये लिहिते.

आता पस सेल, म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशी. हा शब्द वाचूनच माणसं घाबरतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी प्रत्येक गोल पेशी पसची नसते. कच्च्या शुक्राणूपेशीही तशाच दिसतात. म्हणून पेरॉक्सिडेज स्टेन, म्हणजे पांढऱ्या पेशी वेगळ्या ओळखू येतील असा रंग, करायला सांगा. मिलिलिटरला 10 लाखांहून जास्त पांढऱ्या पेशी असतील तर दखल घ्यावीच लागते. त्यांनी सोडलेल्या ऑक्सिजनच्या तिखट रेणूंनी शुक्राणूचं आवरण आणि डीएनए खराब होतो. वीर्यातली अँटिऑक्सिडंट्स तो मारा झेलतात, पण एका मर्यादेपर्यंतच. तंबाखू-बिडीने तोच मारा वाढतो, ती आजच सोडा.

मेडिकलवरून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. आधी कल्चर, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, मग युरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने औषध. गोळ्या सुरू झाल्यावर दिलेल्या कल्चरमध्ये जंतू सापडेलच असं नाही.

पांढऱ्या पेशी सगळीकडे वैरी नसतात. संबंधानंतर बाईच्या गर्भाशयात त्या गोळा होतात आणि मेलेले, दुबळे शुक्राणू साफ करतात. वीर्यातल्या द्रवातच असे घटक असतात, जे तिच्या प्रतिकारशक्तीला आवरतात. म्हणजे यात वीर्याचाही वाटा असतो, त्यामुळे एकट्या बायकोच्या तपासण्या करत बसू नका, दोघांच्याही करा.

एका रिपोर्टवरून निकाल लावू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून औषधानंतरची तपासणी तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. मधे मोठा ताप येऊन गेला असेल तर तो फॉर्मवर लिहा, आणि जुना रिपोर्ट सोबत आणा.