नागपुरात घर बांधायला काढण्याआधी: खड्डा, कागद आणि हप्ते

ठेकेदाराला स्क्वेअर फुटाचा रेट विचारण्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने दोन खड्डे घेऊन पाहा. मुरूम तीन फुटांवर लागतो की सात, यावर जोत्याखालचा खर्च ठरतो, आणि नागपुरात बजेट बिघडते ते बहुतेक वेळा जमिनीखालीच. शेतजमिनीवर पडलेल्या लेआउटमध्ये काळी माती खोलवर असू शकते. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर पाया टेकवला, तर दोन पावसाळ्यांत भिंतींना तिरप्या चिरा जातात. १००० स्क्वेअर फुटांच्या घराला साधारण १२ कॉलम येतात. पाच बाय पाचच्या खड्ड्यांचे गणित केले, तर खोली एक फुटाने वाढली की ३ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) खोदाई वाढते, शिवाय तेवढ्या कॉलमचे लोखंड आणि काँक्रीट वेगळे. हे खड्डे इंजिनिअरला दाखवूनच एस्टिमेट करून घ्या.

जोत्याची भरती हा दुसरा चोरखर्च. दोन फूट भरतीला १००० स्क्वेअर फुटांसाठी २० ब्रास मुरूम लागतो, पण धुमस केल्यावर तो बसतो, म्हणून २५ ब्रास धरा. पैसे वाचवायला पायातून निघालेली काळी मातीच परत आत ढकलली जाते. ती आतही फुगते आणि बसते, मग फरशी मधोमध खचते किंवा उठते. भरती सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून आणि ठोकून व्हावी. पीसीसी, म्हणजे फरशीखालचे साधे काँक्रीट, करण्याआधी उधईचे (वाळवीचे) औषध मारून घ्या. नंतर फरशीला भोके पाडून तेच काम करायला कितीतरी जास्त खर्च येतो.

आता कागद. प्लॉटची रजिस्ट्री, इंडेक्स-२, सातबारा किंवा आखीव पत्रिका, अकृषक आदेश, मंजूर लेआउटचा नकाशा आणि वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट असा गठ्ठा करा. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरी न घेता तुकडे पाडून विकलेल्या, लेआउटमध्ये प्लॉट असेल, तर नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे ज्याला सगळे 'आरएल' म्हणतात ते, आधी हातात घ्या. आरएल नसेल तर नकाशा मंजूर होत नाही, आणि मंजूर नकाशा नसेल तर बँकेचे गृहकर्जही मिळत नाही. परवानगी महापालिकेची, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे प्लॉट कोणत्या हद्दीत आहे त्यावर ठरते. विकास शुल्क, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी हे सगळे बँकेचा पहिला रुपया येण्याआधी खिशातून जाते.

ठेकेदाराचा रेट समजा २००० रुपये असेल, तर १००० स्क्वेअर फुटांचे २० लाख होतात. पण त्या रेटमध्ये काय नाही, हे लेखी मागा. कंपाउंड वॉल, बोअर आणि मोटर, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, गेट, वीजमीटर, किचनच्या ट्रॉल्या बहुतेक वेळा बाहेर असतात. ३० बाय ५० च्या प्लॉटला कंपाउंडच १६० रनिंग फूट येते, आणि काळ्या मातीत त्यालाही पाया लागतो. या सगळ्याची वेगळी यादी करून बेरीज करा आणि एकूण रकमेवर १० ते १५ टक्के जास्तीचे धरा. कूलरची जागाही आत्ताच ठरवा: खिडकीचे माप, बाहेर स्टँड, पाण्याचा नळ, प्लग पॉइंट. आपल्याकडचा मे लक्षात घेता हे शेवटी आठवण्याचे काम नाही.

कर्जाचे गणित असे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के, आणि त्यापुढे ७५ टक्के मिळतात. उरलेली तुमची रक्कम आधी लागलेली बँकेला दिसावी लागते. व्याजदर ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. १८ लाखांचा झाला १५,६२४. मात्र बांधकाम चालू असताना, उचललेल्या रकमेवर नुसते व्याज भरावे लागते. १० लाख उचलले की महिन्याला जवळपास ७,१०० रुपये. भाड्याच्या घरात राहत असाल, तर भाडे अधिक हे व्याज असे दोन्ही वर्षभर झेपते का, ते पाहा.

खरी ओढाताण टप्प्यांच्या मधल्या दिवसांत होते. बँक पैसे देते काम झाल्यावर: जोते झाले, त्यांचा माणूस पाहून गेला, मग रक्कम. ठेकेदार मागतो काम सुरू करण्याआधी. स्लॅबचा आठवडा डोळ्यांपुढे आणा. १००० स्क्वेअर फुटांच्या पाच इंची स्लॅबला जवळपास १२ घनमीटर काँक्रीट लागते, घनमीटरला ८ बोऱ्या धरल्या तर सिमेंटच्याच ९६ बोऱ्या. बीम वेगळे, लोखंड वेगळे, सेंट्रिंग आणि मिक्सरची मजुरी वेगळी. हे सगळे एकदम लागते. म्हणून एका पूर्ण टप्प्याचे पैसे बचत खात्यात मोकळे ठेवा, मुदत ठेवीत नकोत. ते नसले की माणसे पर्सनल लोन काढतात, आणि त्याचा चढा व्याजदर पुढची तीन-चार वर्षे घराचा हप्ता भरताना छळतो. काम मंजूर नकाशाबाहेर गेले, तर बँक पुढचा टप्पा रोखू शकते, तेव्हा मधेच एक खोली वाढवण्याचा मोह टाळा.

वेळेचाही पैसा होतो. परवानगी आणि कर्जमंजुरी पावसाळ्यात उरका, दसऱ्यानंतर खोदा. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून रेती काढायला बंदी असते आणि भाव चढतो, म्हणून प्लास्टरची रेती मेअखेर टाकून ठेवा. ट्रक रिकामा होण्याआधी टेप लावा: लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणून १०० ने भागले की ब्रास. ओली रेती फुगलेली असते, तिचे माप जास्त भरते. काचेच्या बरणीत रेती आणि पाणी हलवून ठेवा. वरचा गाळाचा थर जाड दिसला, तर ट्रक परत पाठवा. स्लॅब एप्रिल-मेमध्ये येत असेल, तर किमान १० दिवसांच्या तराईसाठी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यासाठी, टँकरचे पैसे वेगळे काढा.

छतावर सोलर बसवायचे असेल, तर प्लास्टरआधीच गच्चीपासून मीटरपर्यंत पाइप टाका. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते बसवून झाल्यावर खात्यात येते, आधी आपले घालावे लागतात.

ठेकेदाराशी करार रीतसर मुद्रांकावर करा. त्यात सिमेंटचा ब्रँड, लोखंडाचा ग्रेड आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम लिहा. आगाऊ १० टक्क्यांहून जास्त नको. शेवटचे ५ टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत हाती ठेवा. सप्टेंबरात गच्चीचे कोपरे, संडास-बाथरूममागच्या भिंती आणि बीम-भिंतीचे सांधे पाहा, ओल नसेल तर ते चुकते करा.